पेतिमातच्या हातचं पाणी

अम्मानच्या पूर्वेला वाळवंटात असलेल्या अझरकच्या पाणथळीतल्या निसर्ग केंद्रात पेतिमात बारा वर्षं शाळेच्या मुलांना फिरवत होती. या बारा वर्षांत तिने एकाही मुलाला खोटं सांगितलं नाही. सांगायचं राहिलं ते मात्र बरंच होतं, आणि ते तिने जाणूनबुजून राहू दिलं होतं.

ती तिथे लागली स्वयंपाकाला. कणकेचे उकडलेले तुकडे, मांस आणि लसणाचं पाणी, हे पिढ्यांपूर्वी दूरच्या डोंगराळ मुलखातून इथे येऊन वसलेल्या तिच्या चेचेन माहेरचं जेवण पाहुण्यांना फार आवडायचं. एकदा वाटाड्या आजारी पडला, मुलांनी भरलेली बस दारात उभी राहिली, आणि व्यवस्थापकाने तिला पिठाचे हात धुवायला लावून पुढे धाडलं. दोन तासांनी मुलं परत आली ती गुडघ्यापर्यंत चिखल माखून, आणि एकही बसमध्ये चढायला तयार नव्हतं. पुढच्या आठवड्यापासून चुलीपाशी दुसरी बाई आली.

तिचं शिक्षण सहावीपर्यंतचं. पण पाणथळ तिला माहेरच्या अंगणासारखी ठाऊक होती. लव्हाळ्याचा कुठला कोंब सोलून खाता येतो, म्हैस चिखलात कुठल्या वाटेने उतरते, पाणकोंबडी ओरडली की भोवती कोण आलंय, हे ती मुलांना हाताला धरून दाखवायची. शहरातली मुलं बेडकाला घाबरायची. ती बेडूक तळहातावर ठेवून म्हणायची, "बघ, याचं काळीज कसं उडतंय. तो तुला भ्यालाय. आता कोणी कोणाला घाबरायचं ते तुम्ही दोघं ठरवा."

फिरून झालं की ती मुलांना पक्षी बघायच्या मातीच्या लपणात बसवायची आणि दहा मिनिटं गप्प राहायला सांगायची. काय दिसलं ते नको, काय ऐकू आलं ते सांगा. कोणी बेडूक म्हणायचं, कोणी वारा, कोणी स्वतःचं पोट. आणि दर वेळी एखादं मूल म्हणायचंच, "मोटर."

"हं, बरोबर," म्हणून ती दुसऱ्याकडे वळायची.

ती मोटर तळ्यात पाणी सोडायची. तिच्या लहानपणी तिथे मोटर नव्हती, झरे होते. गावाला लागून दोन मोठे झरे. तळाशी वाळू अशी उसळायची की उतू जाणारं दूधच. तिचा बाप एलमुर्झा याच्या चौदा म्हशी दिवसभर त्या पाण्यात नाकपुड्या वर काढून बसायच्या. एलमुर्झा काठावर उभा राहून त्यांच्याशी गुणगुणत बोलायचा. डोक्यावर मेंढीच्या कातड्याची टोपी, थंडीत आणि उन्हाळ्यातही. लोक चेष्टा करायचे, डोकं शिजेल म्हणायचे. तो म्हणायचा, जी थंडी आत येऊ देत नाही ती टोपी ऊनही येऊ देत नाही.

मग अम्मानला पाणी नेणारे पंप बसले. शहर वाढत गेलं आणि पाणी उतरत गेलं. ब्याण्णव सालच्या उन्हाळ्यात एका सकाळी एलमुर्झा म्हशी घेऊन गेला तर झऱ्यात नुसता ओला खड्डा होता.

हे ती मुलांना सांगत नसे. पूर्वी पाणी जास्त होतं, आता कमी आहे, एवढ्यावर भागवायची.

दोन हजार सोळा सालच्या मे महिन्यात अम्मानच्या एका शाळेची तिसरी-चौथीची मुलं आली. त्यांत सिद्रा नावाची नऊ वर्षांची मुलगी होती. दोन वेण्या, मांडीवर वही, आणि वहीत सगळं लिहून घ्यायची सवय. लपणात दहा मिनिटं झाली, मुलं एकेक करून सांगू लागली. सिद्राची पाळी आली तेव्हा ती वहीत बघून म्हणाली, "मोटर. आणि पलीकडे ते आजोबा काहीतरी गुणगुणत होते ते."

मुलं हसली. पेतिमातने फटीतून बाहेर पाहिलं. पलीकडे कोरडी, मिठाने पांढरी पडलेली जमीन होती. माणूस काय, शेळीही नव्हती.

"कोणते आजोबा गं?"

"गेले वाटतं. केसाळ टोपी घातली होती त्यांनी. एवढ्या उन्हात."

पेतिमात बाकावर बसली. शाळेच्या बाईंना तिने सांगितलं की बाकीच्यांना घेऊन पुढे व्हा, टाकीतले पट्ट्यापट्ट्यांचे मासे दाखवा, मी हिला घेऊन येते. तिला त्या मुलीला जाऊ द्यायचं नव्हतं.

पलीकडे कधी कधी सिरियातून आलेले धनगर दिसतात. त्यातलाच कोणी असेल. पण केसाळ टोपी?

सिद्राने विचारलं, ती मोटर कशाला आहे? आणि पेतिमात बोलू लागली. बारा वर्षांचं एकदम बाहेर पडलं. झरे, म्हशी, पंप, ओला खड्डा. पुढच्या वर्षी वाळलेल्या दलदलीने आतून कसा पेट घेतला तेही. वरून जमीन साधी दिसायची, आत मात्र जुनी मुळं निखाऱ्यासारखी धुमसत असायची. एलमुर्झाची शेवटची म्हैस सवयीने आपल्या जागी निघाली आणि पुढचे दोन्ही पाय त्या निखाऱ्यात गेले. तिचं ओरडणं गावाने ऐकलं.

सिद्रा लिहायची थांबली होती. "मग पाणी गेलं कुठे?"

"अम्मानला. तुमच्याकडे."

"आमच्या घरी?"

"हो. तुझ्याच नळाला."

मुलीने वही मिटली. पेतिमात तिला घेऊन माशांपाशी गेली, बस निघून गेली. त्या 'तुझ्याच'मधला 'च' तिला संध्याकाळपर्यंत टोचत राहिला. मग ती ते विसरली, किंवा विसरल्यासारखं केलं.

दोन गोष्टी तिने सिद्रालाही सांगितल्या नव्हत्या.

पहिली म्हणजे त्या पंपांवर तिचाच नवरा कामाला होता. युनुस. लग्नानंतर एका वर्षाने त्याला ती नोकरी लागली. पक्का पगार, मुलांना औषधपाणी, घराला पत्रा जाऊन स्लॅब. सकाळी जाऊन खटका दाबणारे हात त्याचे होते. गावात कोणी त्याला बोललं नाही, कारण निम्म्या घरांतलं कोणी ना कोणी तिथेच कामाला होतं. एलमुर्झाही बोलला नाही. फक्त झरे आटले त्या दिवसापासून त्याने त्याच पंपांवरून येणारं नळाचं पाणी तोंडाला लावणं सोडलं. उत्तरेकडच्या, दुरुझ पंथाच्या लोकांच्या वस्तीत त्याचा एक जुना मित्र होता, मिठागरवाला. त्याच्या परसात जुनी विहीर होती, मचूळ पाण्याची. एलमुर्झा तिथून डबा भरून आणायचा आणि तेवढ्यावर राहायचा. तब्बल वर्षभर.

दुसरी गोष्ट तिने कोणालाच सांगितली नव्हती. म्हैस गेल्यावर एलमुर्झा खचला. सप्टेंबरात पेतिमातने त्याला आपल्या घरी आणलं, कारण माहेरी त्याचं करणारं कोणी उरलं नव्हतं. मित्राची विहीरही तोवर खाली गेली होती. पेतिमातच्या घरात पाणी होतं ते नळाचं. तिने पेला पुढे केला, "विहिरीचं आहे," म्हणाली. त्याने वास घेतला.

"याला औषधाचा वास येतोय, पोरी," एवढंच म्हणाला आणि तोंड मिटलं.

तिने कलिंगड कापून दिलं. ते त्याने खाल्लं, कलिंगड बाहेरगावचं होतं. चार दिवस तो कलिंगडावर राहिला. पाचव्या दिवशी बाजारात मिळालं नाही. ती दर तासाला ताजा पेला भरून नेत होती, आधीचा खिडकीत ठेवत होती. कापसाचा बोळा ओठांना लावला तर त्याने तोंड भिंतीकडे फिरवलं. दुपारी तो गेला. डॉक्टर म्हणाला, हृदय. लोकांना तिने सांगितलं, शेवटचं पाणी माझ्या हातून प्याले. मुलीच्या हातून पाणी घेऊन बाप गेला, याहून चांगलं मरण कोणतं, असं बायका म्हणाल्या. ती ऐकून घेत राहिली. नवऱ्यालाही तिने हेच सांगितलं होतं.

जूनच्या एका शुक्रवारी सकाळी फरशांच्या पेट्या आणि करण्या ठेवलेली एक जुनी गाडी केंद्राच्या दारात थांबली. एक तरुण माणूस उतरला. त्याच्या मागून सिद्रा उतरली. महिन्याभरात तिचा चेहरा लहान झाला होता.

"मी नाएल, हिचा बाप," तो म्हणाला. "खाला, मी भांडायला नाही आलो. भांडायचं असतं तर एकटा आलो असतो."

पेतिमातने त्याला बसायला सांगितलं. तो उभाच राहिला. आमच्याकडे आठवड्यातून एकदा पाणी येतं, तो सांगू लागला. चार मजले चढून मी टाकी बघतो, भरली का नाही ते. आणि ही पाण्याला हात लावत नाही. अंघोळीला रडते. आईने जबरदस्तीने पाजलं तर ओकून टाकते. शाळेतल्या बाईंनी समजावलं, मशिदीतल्या शेखांनी समजावलं. डॉक्टर म्हणाला, हट्ट आहे, जाईल.

"काय सांगितलंत तुम्ही हिला?"

"जे झालं ते."

"जे जे झालं ते सगळं पोरांना सांगायचं असतं का?"

पेतिमातने विचारलं, "मग जगते कशावर?"

"कलिंगड," नाएल म्हणाला. "बशीभर कापून ठेवलं की संपवते. नाहीतर डब्यातला रस. उन्हाळा आहे म्हणून ठीक. कलिंगडं संपली की काय करू मी?"

पेतिमातने टेबलाची कड धरली. नाएलला वाटलं म्हाताऱ्या बाईला चक्कर आली, तो पुढे झाला. तिने हात हलवून त्याला थांबवलं. तुम्ही इथेच बसा बाबा, ती म्हणाली, मला हिच्याशी दोन शब्द बोलू द्या. तुम्हाला दिसेल अशाच जागी बसते.

लाकडी फळ्यांच्या वाटेवर, लव्हाळ्याच्या सावलीत त्या दोघी बसल्या. काय बोलायचं ते पेतिमातने ठरवलं नव्हतं. मुलीचे ओठ सुकले होते, त्यांना भेगा पडल्या होत्या. तसे ओठ तिने एकदाच जवळून पाहिले होते. मग तिने तेच सांगायला सुरुवात केली. माझा बाप होता, तोही असाच पाणी प्यायचा नाही. माझा नवरा पंपावर होता. मी पेला पुढे करायची आणि तो तोंड मिटायचा. विहिरीचं आहे म्हणून मी खोटं बोलले, तेही त्याला कळलं.

सिद्राने सगळं ऐकून घेतलं. "मग ते मेले का?"

"मेले."

"तहानेने?"

"डॉक्टर म्हणाला हृदयाने. मला माहीत नाही गं. अजून माहीत नाही."

मुलगी पाण्याकडे बघत राहिली. एक शेकाट्या लांब लाल पाय उचलत उथळ पाण्यातून गेला. मग तिने विचारलं, "ते पाणी प्याले नाहीत तेवढं झऱ्याला परत आलं का?"

हा प्रश्न तेवीस वर्षांत पेतिमातने स्वतःला विचारला नव्हता. बापाचा राग, स्वतःचं खोटं, नवऱ्याची नोकरी, सगळं उलटंपालटं करून पाहिलं होतं. इतकं साधं मात्र विचारलं नव्हतं.

"नाही," ती म्हणाली. "एक थेंबही नाही आला."

मग पेतिमात म्हणाली, "मी तुला म्हणाले होते ना, तुझ्याच नळाला. पाणी गेलं ते खरं आहे. पण ते तू नेलं नाहीस. मला राग होता दुसऱ्यांचा, आणि तो मी तुझ्यावर काढला. तुझ्याएवढ्या पोरीवर. मला माफ कर."

मोठ्या माणसाने माफी मागितलेली सिद्राला नवी असावी. ती वेणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

"ते टोपीवाले आजोबा तुमचे बाबा होते?"

"टोपी तशीच होती."

"ते माझ्यावर रागावले असतील?"

"लहान मुलांवर ते कधीच रागावले नाहीत. मोठ्यांवर रागवायचे."

पेतिमात उठली. पलीकडच्या भिंतीला नळ होता. तिने पेला भरला, अर्धा स्वतः प्याली, उरलेला पुढे धरला. सिद्राने पेला घेतला आणि आधी वास घेतला.

"कसला तरी वास येतोय."

"औषधाचा. मलाही नाही आवडत."

मुलीने डोळे मिटून एक घोट घेतला. थांबली. मग दुसरा. पेतिमातने कठड्याचा खांब धरला आणि तोंड फिरवून लव्हाळ्याकडे बघत राहिली. घोटांचा आवाज तेवढा कानावर येत होता. पेला रिकामा झाल्याचं कळलं तेव्हाही तिला लगेच वळता आलं नाही.

नाएल धावत आला नाही. तो लांबूनच बघत होता. मग नळाखाली तोंड धुवून आला आणि जाताना म्हणाला, "अल्लाह तुमचे हात सलामत ठेवो, खाला." निघण्यापूर्वी सिद्राने गाडीतून कोरड्या काठाकडे बराच वेळ पाहिलं. काही दिसलं की नाही ते ती बोलली नाही, पेतिमातनेही विचारलं नाही.

पुढे व्यवस्थापकाच्या कानावर हे गेलं. त्याने समजुतीने सांगितलं की लहानांना पक्षी दाखवावेत, पाण्याचं राजकारण मोठ्यांसाठी राहू द्यावं. ती म्हणाली, मी आपणहून नाही सांगणार. पण पोराने विचारलं तर गप्प नाही बसणार, आता नाही. त्याने वाद घातला नाही. शाळेतल्या बाईंकडून निरोप आला की सिद्रा बरी आहे, अंघोळ करते, आणि नळ वाहता सोडला म्हणून भावांना बदडते.

हे सगळं नंतरचं. त्या शुक्रवारी पेतिमात घरी गेली तेव्हा युनुस अंगणात डाळिंबाच्या झाडाला पाणी घालत होता. निवृत्त होऊन त्याला सात वर्षं झाली होती, आणि या सात वर्षांत त्याने पाणथळीत पाऊल टाकलं नव्हतं. त्यांच्यात बायको नवऱ्याचं नाव घेत नाही. तिने नेहमीसारखंच म्हटलं, "ऐकलंत का?"

त्याने मान वळवली. तिने उभ्या उभ्याच सांगितलं. मुलीचं सांगितलं, आणि मग बापाचं. विहिरीचं म्हणून दिलं तरी माझ्या हातून ते पाणी प्याले नव्हते. मी लोकांना खोटं सांगितलं, तुम्हालाही.

युनुसने नळ बंद केला. "मला ठाऊक आहे," तो म्हणाला.

"कोणी सांगितलं?"

"कोणी कशाला सांगायला हवं? घरात आलो तर खिडकीत सात पेले, काठोकाठ भरलेले. माणूस पाणी पीत असता तर एखादा तरी रिकामा दिसला असता."

"मग बोलला का नाहीत कधी?"

"तू गुपचूप ते पेले ओतून, धुवून ठेवलेस. म्हटलं, तुला नको असेल."

त्यानंतरही तेवीस वर्षं एका ताटात जेवलेली ती दोघं. पेतिमात पायरीवर बसली. तोही बसला, थोडा लांब. नळी गुंडाळत गुंडाळत त्याने जे सांगितलं ते तिने त्याच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं.

"ते गेले त्या दिवशी मी पंपाची मोटर बंद केली होती. दुपारी. चाळीस मिनिटं. वहीत लिहिलं, पट्टा तुटला."

"का?"

"त्यांना येऊन सांगायचं होतं. बंद केलीय म्हणून. नुसतं सांगितलं असतं तर त्यांनी ओळखलं असतं, तुझ्या विहिरीसारखं. म्हणून खरंच बंद केली आणि धावत सुटलो. म्हटलं, ऐकून एखादा घोट घेतील." त्याने नळीचं वेटोळं जमिनीवर ठेवलं. "आलो तर तू दारात उभी होतीस."

पेतिमातला ते दार आठवलं. नवरा धापा टाकत आला होता, त्याच्या पायात एकच चप्पल होती. तिला वाटलं होतं की वाटेत कोणीतरी त्याला बातमी सांगितली असेल. इतकी वर्षं तिला तसंच वाटत आलं होतं.

"अब्बांना हे कळलं असतं तर?" तिने विचारलं.

"काय माहीत. कदाचित तरीही प्याले नसते. हट्टी होते."

मग तिने विचारलं, शाळेच्या मुलांनी कधी विचारलं तर हेही सांगू का?

युनुसने विचार केला. "मी मेल्यावर सांग," तो म्हणाला.

युनुस गेला त्याला आता तीन वर्षं झाली. पेतिमात सांगते. मोठ्या वर्गांतल्या मुलांना, आणि त्यांतही कोणी विचारलं तरच.